कॉम्प्युटर विचारतो, ‘आत घेऊ का?’

मैत्रिणींनो, आमच्या सासूबाई पडवीत बसल्या की खळ्यात पाऊल टाकणाऱ्याला तीन प्रश्न ठरलेले. ‘‘कोण तू? खंयसून इलंस? कोणाकडे?’’ उत्तर पटलं तर पाण्याचा तांब्या पुढे, नाहीतर आल्या पावली परत! फायरवॉल म्हणतात ती हीच. विंडोजच्या कॉम्प्युटरवर २००४ सालापासून ती आपोआप चालू असते, पण आपलं लक्ष जातं ते पडद्यावर चौकट उगवली की मगच.

आता खरं सांगते हं. मुलाने नवा खेळ घातला, चौकट आली, गॅसवर भात उतू चालला होता. मी वाचलंच नाही, ‘अलाव’ दाबून मोकळी झाले! शाळेत मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून बजावणारी मी!

ही चौकट कशासाठी येते, ते समजून घ्या. कॉम्प्युटरवरून बाहेर जाणाऱ्याला फायरवॉल सहसा अडवत नाही. आपण हाक मारली आणि उत्तर आलं, तर तेही आत येतं. पण एखादा प्रोग्राम ‘माझ्यासाठी दार उघडं ठेवा, न बोलावता कुणी आलं तरी आत सोडा’ म्हणू लागला की चौकट येते. म्हणून ‘कॅन्सल’ दाबलं तरी बरेचसे प्रोग्राम सुरळीत चालतात. आमच्या चिरंजीवांचा खेळही चालला. ओळखीचा प्रोग्राम असेल, प्रिंटरचा वगैरे, तर ‘प्रायव्हेट’पुरती परवानगी द्या, ‘पब्लिक’वर खूण नको. चुकून दिलेली परवानगी काढता येते. स्टार्टमध्ये ‘फायरवॉल’ लिहून शोधा, यादी निघते.

या दारांना पोर्ट म्हणतात. इंग्रजीत बंदरालाही पोर्टच, म्हणजे आपल्या मालवणकरणींना शब्द परका नाही! प्रत्येक दाराला नंबर असतो. बँकेची वेबसाइट सहसा ४४३ वर, घरातल्या घरात फाइली देण्याघेण्याचं दार ४४५. या ४४५ नेच २०१७ साली जगभर हाहाकार केला. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण अनेकांनी ती घातलीच नव्हती. जूनअखेर ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस आला आणि न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. कॉम्प्युटरच्या पोर्टातून शिरला आणि खरंखुरं बंदर अडवलं, बघा! तेव्हा ‘अपडेट’ आलं की ‘नंतर’ म्हणू नका.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कोण येतंय? राउटर बाहेरच्यांना बऱ्यापैकी थोपवतो, खरं आहे. पण आपल्या वायफायवर असलेला माणूस घरातच असतो की. आमच्याकडे दोन खोल्या पर्यटकांना देतो. चहाआधी वायफायचा पासवर्ड मागतात! म्हणून राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं काढलं. पाहुण्यांना पडवी, माजघर आपलं.

एकदा रात्री राउटरचा दिवा सारखा लुकलुकत होता. छातीत धस्स झालं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं आणि ‘नेटवर्क’चा रकाना पाहिला, तर माझेच जत्रेचे फोटो वर चढत होते! अपडेट, फोटो, व्हायरसची यादी, अशी ये-जा चालायचीच. अनोळखी नाव सतत वर दिसलं तरच चौकशी करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. मागच्या पावसात पडद्यावर लाल चौकट, कर्कश भोंगा, ‘तुमचा कॉम्प्युटर बिघडला, ताबडतोब फोन करा’, खाली नंबर. बुकिंगचे पैसे याच कॉम्प्युटरवरून बघते मी. हात थरथरत होते, निम्मा नंबर फिरवलाही होता. तेवढ्यात सासूबाईंनी दारातून विचारलं, ‘‘कोणाक फोन करतंस गो?’’ आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं! फायरवॉलच्या खऱ्या चौकटीत फोन नंबर कधीच नसतो. असली पाटी नुसती वेबसाइटवरची असते. तीच तीन बटणं दाबून ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. कुणी फोन करून बसली असेल, त्या माणसाला कॉम्प्युटर हाताळू दिला असेल, तर लाजू नका. आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा.