बेकारीचा दाखला कोणी द्यायचा?

पगारपावतीवरची ‘ईएसआय’ची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात म्हणजे दवाखान्याचे पैसे, अशीच आपल्याकडे समजूत आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के जाणाऱ्या या वर्गणीत नोकरी गेल्यानंतरचा आधारही आहे, हे मात्र काम सुटेपर्यंत सहसा कोणी सांगत नाही. हा आधार म्हणजे 1 जुलै 2018 पासून सुरू झालेली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. मुळात ती फार कंजूष होती: सरासरी रोजच्या वेतनाच्या 25 टक्के, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी, आणि तेही 90 दिवस रिकामे बसल्यानंतर. त्यातून अर्ज जायचा तो मालकामार्फत. ज्याने घरी पाठवले, त्याच्याच गेटवर सहीसाठी उभे राहायचे!

2020च्या टाळेबंदीत नियम सैल झाले. दर 50 टक्के झाला, थांबण्याचे दिवस 30 वर आले. पंधरा हजार पगार असणाऱ्याला तीन महिन्यांत सुमारे साडेबावीस हजार मिळतील, असा त्याचा हिशेब. बातमी झाली ती या रकमेची. पण मला मोठा वाटतो तो दुसरा बदल. अर्ज थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात किंवा ऑनलाइन देता येऊ लागला आणि पुढे प्रतिज्ञापत्राची अटही गेली. या सवलती मुदतीच्या होत्या आणि ती मुदत वाढवत नेली गेली; म्हणून अर्ज करताना त्या दिवशी काय लागू आहे, ते शाखेत विचारून घ्यावे. पण बेकार आहे हे मालकाने सांगायचे की वर्गणीच्या नोंदीने, हा प्रश्न रकमेच्या आधीचा आहे. फॉर्म गेटवर अडकला, तर 25 काय नि 50 काय, हातात शून्यच. महाराष्ट्राच्या 1977च्या रोजगार हमी कायद्यात हे भान होते: काम मागितले आणि मुदतीत मिळाले नाही, तर भत्ता, ठेकेदाराचा दाखला कोणी मागत नव्हते.

घरबसल्या पैसे मिळाले तर माणूस काम शोधेल कशाला, हा आक्षेप नेहमीचा. पण आयुष्यात एकदा, नव्वद दिवस, अर्धा पगार, एवढ्यावर कोण आळशी होणार? खोट्या अर्जांची भीती अधिक खरी आहे. वर्गणी कधी थांबली हे नोंदीत दिसते. का थांबली, हे नाही. गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वतःहून काम सोडणाऱ्याला हा लाभ नाही, म्हणजे कारण तपासावेच लागणार. ते कार्यालयाने मालकाला विचारावे. कामगाराने मालकाकडून आणून द्यावे, असे नको.

तरी बरेच जण बाहेर राहतात. तास किंवा पाळ्या कमी झालेल्याला ही योजना लागू नाही, कारण कागदावर तो कामावरच असतो. कंत्राटी कामगाराला मध्येमध्ये ‘ब्रेक’ मिळतो आणि सहामाहीतले वर्गणीचे 78 दिवस भरत नाहीत. शिवाय ‘राजीनामा लिहून दे, हिशेब आजच देतो,’ असे म्हटले की पैशांची निकड असलेला माणूस सही करतो आणि कागदावर काम त्यानेच सोडलेले ठरते.