लिनक्स आपल्या टेबलावर (भाग ६) : पडद्यावरचा मराठी कीबोर्ड

मागच्या भागात जुन्या संगणकावर लिनक्स मिंट बसवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. शाळा-वाचनालयांतल्या धडधाकट यंत्रांसाठी लिनक्सचा रस्ता मला सर्वांत योग्य वाटतो. पण यंत्र सुरू झालं, आता त्यावर बसणाऱ्या माणसाचं काय?

अकोल्या-अमरावतीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर हात बसलेला कारकून इनस्क्रिप्ट या वेगळ्या कीबोर्ड-लेआउटपुढे अडतो. बोटांना वेग आहे, पण बटणांवर छापलेली अक्षरं इंग्रजी. 'ळ' कुठे दडलाय ते कळत नाही. म्हणून नव्या माणसासाठी मी आधी 'ऑनबोर्ड' टाकतो. हा पडद्यावर दिसणारा कीबोर्ड आहे. निवडलेल्या लेआउटची अक्षरं तो त्या-त्या बटणावर दाखवतो.

मेनूत आधी नाव शोधा. काही आवृत्त्यांत तो असतोच. नसेल तर 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडून 'ऑनबोर्ड' शोधा, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या. वेबसाइटवरून सेटअपची फाइल उतरवत बसायचं नाही. लिनक्सवाले सॉफ्टवेअर स्वतःच्या भांडारात ठेवतात. तिथल्या पॅकेजच्या यादीवर डिजिटल सही असते, ती आधी तपासली जाते आणि सोबत लागणारे भागही आपोआप येतात. मला लिनक्सची ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण नवख्या माणसाला फसवी फाइल ओळखता येईलच असं नाही. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. पूर्ण उतरलेली पॅकेजं डिस्कवर राहतात, आणि अर्धवट राहिलेली जोडणी पुरी करायची सोय 'डीपीकेजी' या अवजारात आहे.

आता कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट'खाली मराठी इनस्क्रिप्ट जोडा. ते निवडलं की ऑनबोर्डवरची अक्षरं बदलतात. त्यातलं शिफ्ट दाबलं की वरची अक्षरं दिसतात.

पहिला सराव आपल्याच मुलखाच्या नावाचा करा : वऱ्हाड. बी वर 'व', शिफ्ट धरून जे वर 'ऱ', डी वर हलन्त, यू वर 'ह', ई वर काना, आणि पी शेजारच्या चौकटी कंसावर 'ड'. 'ऱ' ऐवजी साधा 'र' घेतलात तर 'ह'वर रफार चढतो आणि 'वर्हाड' उमटतं. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या' लिहितानाही हाच 'ऱ' लागतो. तलाठ्याकडे जाणाऱ्या अर्जात तो चुकलेला पाहिला की वाईट वाटतं, कारण बटण तिथेच असतं, फक्त कुणी दाखवलेलं नसतं. दोन-तीन आठवडे पडद्यावर बघत टाइप करू द्या. मग ऑनबोर्ड बंद केलात तरी चालेल.

एक अडचण लक्षात ठेवा. ऑनबोर्ड 'एक्स ११' या जुन्या पडदा-व्यवस्थेसाठी लिहिलेला आहे. 'वेलँड' या नव्या व्यवस्थेवर तो नीट चालेलच असं नाही. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये एक्स ११ च ठरलेलं असल्याने तिथे काही करावं लागत नाही. उबुंटू घेतलं असेल तर त्यातलाच पडद्यावरचा कीबोर्ड 'ॲक्सेसिबिलिटी'तून सुरू करा.

पुढच्या आठवड्यात : कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणं.