खोक्यावरचं नाव

मेंढीकोट कुणी रचला? बदाम सात कुणाच्या डोक्यातून निघाला? मे महिन्याच्या सुटीत माजघरात सतरंजी टाकून आपण झब्बूचे डाव रंगवले, हरलेल्याला पत्ते पिसायला लावले. पण हा खेळ कुणीतरी बसून घडवला असेल, असं कधी मनातही आलं नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचंही तेच. 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पत्ते. ते रंगवणाऱ्या चितारींची आठवण निदान निघते. ही मांडणी ज्याला सुचली, त्याचा मागमूस नाही. जात्यावरच्या ओव्यांसारखे हे खेळ सगळ्यांचे झाले आणि कुणाचेच उरले नाहीत.

करिअर विशेषांकासाठी संपादकांनी ‘खेळ रचण्याचा व्यवसाय’ हा विषय सुचवला, तेव्हा मला पहिल्यांदा हाच प्रश्न पडला. ज्या कामाला कर्ताच नाही, त्याचा व्यवसाय कसा होणार? पैसा, प्रशिक्षण, बाजारपेठ हे सगळं नंतरचं. आधी कुणीतरी म्हणायला हवं की हे मी केलं आहे. हे म्हणण्याची लढाई ज्या देशात सर्वांत निकरानं लढली गेली, तो जर्मनी. म्हणून हा लेख तिकडचा आहे.

तिथला रीतसर इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1978 मध्ये खेळांवर लिहिणारे काही समीक्षक एकत्र आले आणि ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार त्यांनी सुरू केला. 1979 चा पहिला पुरस्कार डेव्हिड पार्लेट या इंग्रज रचनाकाराच्या ससा-कासवाच्या शर्यतीवरच्या खेळाला मिळाला. 1983 मध्ये एसेनचा खेळमेळा सुरू झाला. तिथे आता दर ऑक्टोबरमध्ये दोन लाखांच्या आसपास माणसं येतात. त्याच वर्षी गोटिंगेन गावात राइनहोल्ड विटिग या भूशास्त्रज्ञानं खेळ रचणाऱ्यांचं संमेलन भरवलं. वर्तमानपत्रात पुस्तकांसारखी खेळांची परीक्षणं येऊ लागली. कुटुंबं पुरस्काराचं लाल सोंगटीचं चिन्ह बघून खेळ विकत घेऊ लागली.

तरी बहुतेक खोक्यांवर प्रकाशकाचं नाव मोठं असे आणि रचणाऱ्याचं नसेच. 1988 च्या न्यूर्नबर्ग खेळणी-मेळ्यात संध्याकाळी रचनाकार मंडळी एकत्र बसली होती. बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात ती पुठ्ठ्याची चकती कुणीतरी ओढली आणि तिच्यावर ठराव लिहिला: खोक्याच्या वरच्या बाजूला आमचं नाव नसेल, तर आमच्यापैकी कुणीही प्रकाशकाला खेळ देणार नाही. त्याखाली तेरा जणांनी सह्या केल्या, विटिगही त्यांत होता. त्यांच्यामागे संघटना नव्हती, वकील नव्हता. तरीही पुढच्या काही वर्षांत प्रकाशक वळले, आणि 1991 मध्ये या मंडळींनी आपला रीतसर संघ स्थापन केला. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यानं एवढं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

नाव नसलं की काय होतं, हे समजायला एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंची गोष्ट पुरेशी आहे. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते, हे शिकवण्यासाठी त्यांनी ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ रचला आणि 5 जानेवारी 1904 रोजी त्याचं पेटंट मिळवलं. खेळ हातोहात पसरला, लोकांनी घरी पट काढले, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. तीस वर्षांनी चार्ल्स डॅरो यानं त्यातलंच एक रूप ‘मोनोपॉली’ म्हणून पार्कर ब्रदर्सला विकलं. कंपनीनं 1935 मध्ये मॅगीबाईंचं पेटंट 500 डॉलरला घेतलं, पुढे विक्रीतला वाटा नाही. डॅरो श्रीमंत झाला, दंतकथा झाला. आपल्याकडे ‘व्यापार’ नावानं पोचलेल्या खेळाचं मूळही तेच. मक्तेदारीविरुद्ध लिहिलेला खेळ मक्तेदारीचा उत्सव झाला आणि लिहिणारी पुसली गेली. सत्तरच्या दशकात राल्फ अँस्पाक या प्राध्यापकानं आपल्या ‘अँटी-मोनोपॉली’साठी कोर्टात झगडताना जुनी कागदपत्रं उकरली, तेव्हा बाईंचं नाव पुन्हा उजेडात आलं. तोवर त्यांना जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती.

हे सगळं वाचत असताना मी ज्या माणसापाशी थांबलो, तो मात्र वेगळाच: वोल्फगांग क्रामर. जन्म 1942. पेशानं संगणकतज्ज्ञ आणि कंपनीतला व्यवस्थापक. त्याच्या नावावर पाच ‘श्पील देस यारेस’ आहेत. मला त्याच्याकडे ओढून नेलं ते एका पट्टीनं.

आधुनिक बोर्ड गेम उघडा. पटाच्या कडेनं चौकोनांची एक माळ फिरलेली दिसते: 1, 2, 3 करत पन्नासपर्यंत, शंभरपर्यंत. गुण मिळाले की आपली सोंगटी तिच्यावर तितकी घरं पुढे सरकवायची. ही पट्टी पहिल्यांदा आली क्रामरच्या 1984 च्या ‘हाइमलिश अँड कंपनी’ या खेळात. जर्मन खेळाडू तिला आजही क्रामरची पट्टी म्हणतात.

ती का लागली, हे खेळ समजून घेतल्यावर कळतं. सात रंगांचे सात हेर पटावर फिरत असतात. प्रत्येक खेळाडूचा एक रंग ठरलेला, पण गुप्त. फासा टाकायचा आणि आलेलं दान कोणत्याही हेरांमध्ये वाटून टाकायचं, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. एखादा हेर तिजोरीच्या घरात पोचला की सगळ्या हेरांना आपापल्या घराप्रमाणे गुण. आता विचार करा. गुण कागदावर खेळाडूच्या नावापुढे लिहावेत, तर गुपित तिथेच फुटलं. गुण खेळाडूचे नाहीत, रंगांचे आहेत. ते सगळ्यांना दिसले पाहिजेत. ते कुणाचे, हे मात्र दिसता कामा नये. म्हणून गुण पटावरच चालायला लागले. माझ्या समजुतीप्रमाणे ही पट्टी सोय म्हणून आलेली नाही, खेळाच्या पोटातून आली आहे. पण एकदा आल्यावर तिनं सगळेच खेळ बदलले. कोण पुढे, कोण मागे हे क्षणोक्षणी उघड झालं, की माणसं वेगळी खेळतात. पुढच्याला ओढायला बाकीचे एक होतात, मागचा धोका पत्करतो. हिशेबाचं साधन होतं, ते खेळाचं इंजिन झालं.

त्याचा 1994 चा ‘झेक्स निम्ट’ हा पत्त्यांचा खेळ आमच्या घरात आहे. 1 ते 104 आकड्यांचे पत्ते, प्रत्येकाला दहा. मधे चार रांगा. सगळ्यांनी एक-एक पत्ता पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा. लहान आकड्यापासून पत्ते रांगांना लागत जातात, आणि ज्याचा पत्ता रांगेत सहावा पडेल त्यानं आधीचे पाच उचलायचे. पत्त्यांवर बैलांची डोकी छापलेली असतात, ती दंडाची. साध्या पत्त्यावर एक, 5 वर संपणाऱ्या आकड्यांवर दोन, दहाच्या पटीत तीन, अकराच्या पटीत पाच आणि 55 या एकट्या पत्त्यावर सात, कारण तो दोन्हींत बसतो. नियम एका दमात सांगून होतात. तरी बदाम सातमध्ये मुरलेली माझी आत्या पहिल्या डावात थक्क झाली, कारण तिच्या हातातला पत्ता चांगला की वाईट, हे शेजारच्या चौघांच्या पत्त्यांवर ठरत होतं. इतक्या थोडक्या सामानातून इतकी धाकधूक काढणं ही मला मोठी कला वाटते.

आता अडचणी. त्या खूप आहेत, आणि विशेषांक वाचून नोकरी सोडायला निघणाऱ्या मुलामुलींसाठी त्या मोकळेपणानं सांगायला हव्यात.

क्रामरचा पहिला खेळ 1974 चा. 1986 आणि 1987 अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोच्च पुरस्कार मिळाल्यावर, 1989 मध्ये तो पूर्णवेळ रचनाकार झाला. म्हणजे पंधरा वर्षं. ‘कॅटान’ या खेळाचा कर्ता क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवणारी प्रयोगशाळा चालवायचा. 1988 ला पहिला पुरस्कार, नंतर आणखी दोन, 1995 मध्ये कॅटान, जो पुढे चार कोटींच्या घरात खपला. तरी प्रयोगशाळा त्यानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सोडली. न्यूयॉर्कचा सिड सॅक्सन ‘ॲक्वायर’ हा त्याचा खेळ आल्यानंतरही काही वर्षं अभियंता म्हणून कामावर जात होता. गणितात डॉक्टरेट मिळवलेला राइनर क्निझिया आधी बँकिंगमध्ये होता. हे या क्षेत्रातले शिखरावरचे लोक आहेत.

कारण हिशेबात आहे. रचनाकाराला साधारण पाच ते आठ टक्के मिळतात, तेही दुकानातल्या किमतीवर नाही, प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर. खेळाची किंमत 2000 रुपये आणि प्रकाशकाकडे त्यातले निम्मे येतात असं धरलं, तर सहा टक्क्यांनी खोक्यामागे 60 रुपये होतात. 3000 प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर 1,80,000. यावर दोन वर्षं काढायची असतील, तर घरात दुसरा कुणीतरी कमावता हवा.

कायद्याचं पाठबळ तर त्याहून कमी. मॅगीबाईंना 1904 च्या अमेरिकेत पेटंट मिळालं. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचं तिसरं कलम खेळ खेळण्याच्या पद्धतीला शोध मानतच नाही. कॉपीराइट नियमपुस्तिकेच्या शब्दांना आणि चित्रांना मिळतो, खेळाच्या कल्पनेला नाही. कोलकात्याच्या दोन भावांनी इंटरनेटवर स्क्रॅबलसारखा खेळ आणला, तेव्हा मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 2008 च्या आदेशात न्यायालयानं खेळावरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही. फक्त सारखं वाटणारं नाव वापरायला मनाई केली. क्रामरच्या पट्टीबद्दलही त्याला कुणी दमडी दिलेली नाही, आणि मागताही आली नसती. तिच्यावर त्याचा एकच हक्क उरला आहे, लोकांच्या तोंडी असलेल्या नावाचा. त्या तेरा सह्यांची किंमत मला इथे सर्वांत जास्त कळते.

लोकवर्गणीचा मार्ग आता उघडला आहे. मुंबईच्या झैन मेमन यांचा निवडणुकीच्या राजकारणावरचा ‘शासन’ 2019 मध्ये याच वाटेनं जगभरच्या खेळाडूंपर्यंत गेला. मात्र त्या वाटेवर रचणाऱ्याला कारखानदार, हिशेबनीस आणि जहाजमालाचा कारकूनही व्हावं लागतं, आणि तेवढा वेळ रचण्यातून जातो.

मला सर्वांत अवघड वाटतं ते मात्र पैशाशी किंवा कायद्याशी संबंधित नाही. खेळ अनोळखी माणसांपुढे ठेवायचा आणि गप्प बसायचं. ते नियम चुकीचे वाचतात, तुम्हाला लाडकी असलेली चाल विसरतात, विसाव्या मिनिटाला मोबाइल काढतात; तरी तोंड उघडायचं नाही, कारण विकत घेतलेल्या खोक्यातून रचनाकार समजवायला येणार नसतो. मग घरी जाऊन पत्ते पुन्हा कापायचे, आकडे बदलायचे, आणि बहुतेक वेळा काहीतरी काढून टाकायचं. टॉयबरनं कॅटान तळघरात बायको-मुलांबरोबर वर्षानुवर्षं असाच खेळून पाहिला. त्याच्या मनात मुळात एक प्रचंड खेळ होता: बेट शोधायचं, तिथे वस्ती करायची, मग सीमा आखून भांडायचं. तो चालेना. शेवटी त्यानं मधली वस्ती तेवढी ठेवली, तिचे 19 षट्कोन केले, आणि दोन फाशांवर सर्वांत जास्त वेळा पडणाऱ्या 7 वर लुटारू बसवला. काढून ठेवलेल्या भागांतून पुढे ‘एंटडेकर’ आणि ‘ल्योवेनहेर्त्स’ हे त्याचे दोन स्वतंत्र खेळ झाले, 1996 आणि 1997 मध्ये.