वंशवेलीचा माग – भाग ७ : पणजीचे माहेर

मागच्या भागापर्यंत आपण वंशवेलीची पुरुषांकडची बाजू पाहिली. ती त्यातल्या त्यात सोपी. मराठी नावात बापाचे नाव असतेच, जुन्या महसुली कागदांत ते ‘बिन’ लावून येते, आणि घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल तर हक्क शाबीत करण्यासाठी कुणीतरी वंशावळ लिहून सरकारात दिलेली असते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनच्या चौकशीला बळ आल्यावर अनेक घराण्यांना आपली पिढीजात माहिती कागदावर मांडावी लागली. मात्र एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या पणजीचे किंवा खापरपणजीचे आईवडील कोण, असे विचारले की बहुतेक वंशवेली गप्प होतात. नवऱ्याच्या नावाशेजारी ‘गंगाबाई’ किंवा ‘लक्ष्मीबाई’ एवढेच असते. बायकांच्या नोंदीच कुणी ठेवल्या नाहीत, असे कारण दिले जाते, आणि ते ऐकून शोध सोडला जातो. मला हे कारण पटत नाही. पणजीच्या आईवडिलांची नावे तिच्या मुलाच्या आणि भावाच्या कागदांत राहिलेली असतात. आपण ती पणजीच्या नावाखाली धुंडाळतो, म्हणून रिकाम्या हाताने परततो.

तिच्या स्वतःच्या नावाने काही हाती का लागत नाही, ते आधी नीट पाहायला हवे. लग्नात मुलीचे आडनाव, बापाचे नाव आणि पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदले. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच, आणि त्यांचे माहेरचे आडनावही जोशीच. सत्यभामाबाई टिळक माहेरी तापी बाळ होत्या. या स्त्रियांची माहेरे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या किंवा त्यांचे पती इतिहासात गाजले आणि चरित्रे लिहिली गेली. ती लिहिली गेली नसती, तर कल्याणच्या जोशांची यमुना आणि गोपाळराव जोशांची आनंदी एकच, हे कोणत्या कागदावरून सांगता आले असते? पुनर्विवाह असेल तर गुंता आणखी वाढतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये जिच्याशी लग्न केले ती गोदूबाई तेव्हा नातूंची विधवा सून होती; माहेर जोशांचे. कर्वे आडनावाच्या आधी नातू हे आडनाव दिसले म्हणून तेच माहेर धरणारा शोधक वेगळ्याच घराण्यात जाऊन पोहोचेल. जमिनीच्या कागदांत बाई आली तर बहुधा विधवा म्हणून, ‘कोम’ लिहून नवऱ्याच्या नावासह. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत तर अनेकदा अमक्याला मुलगी झाली एवढेच असते, मुलीचे नाव नसते.

आता मुलाकडे वळू. श्राद्धाचे वैदिक विधी करणाऱ्या घरांत पितृपक्षातील महालयासाठी पितरांची यादी लागते. भटजी नावे विचारणार, म्हणून ती एखाद्या चोपडीत, पंचांगाच्या कोऱ्या पानावर किंवा पोथीच्या बांधणीत लिहून ठेवलेली असते. या यादीत बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर मातामहांची त्रयी येते, म्हणजे आईचा बाप, आजा आणि पणजा, आणि प्रत्येकापुढे गोत्र. माहेरचे गोत्र वेगळे असल्याने ती नावे लगेच वेगळी ओळखू येतात. पणजीच्या मुलाने केलेली अशी एक यादी मिळाली, तर पणजीचा बाप, त्याच्या वरच्या दोन पिढ्या आणि गोत्र एकदम हाती येते. काही याद्यांत मातामहीचे नावही असते, म्हणजे पणजीची आई सापडते. काहींत नुसते ‘सपत्नीक’ लिहून काम भागवलेले असते. पुढच्या नातलगांत मातुल म्हणजे वारलेला मामा येतो, सापत्न माता असेल तर तीही येते. हा तपशील फार मोलाचा आहे. त्या काळी बाळंतपणात बायको गेली की पुरुष दुसरे लग्न करी, त्यामुळे पणजोबांच्या दोन बायकांपैकी आपली पणजी कोणती, हा प्रश्न घरोघर पडतो. यादी तो सोडवते, कारण मातामह जन्मदात्या आईचा आणि सावत्र आईचे नाव स्वतंत्र. यादीत एखादे नाव नसणेही बोलके असते. हयात माणसाला पिंड देत नाहीत, म्हणून जुन्या यादीत मातामह नसेल आणि नंतरच्या यादीत असेल, तर तो या दोन्हींच्या दरम्यान वारला असे धरायला जागा आहे.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: अशा याद्या ठेवणारी घरे किती? हा विधी ठरावीक जातींचा, मग बाकीच्यांनी काय करायचे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच भावाचा मार्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मामाचे नाते कुठल्या एका जातीचे नाही. लग्नात मामाचा मान असतो, आहेर असतो, आणि आहेराची यादी पुढे परतफेड करायची म्हणून लिहून ठेवलेली असते. घरच्या जमाखर्चात, लग्नाच्या यादीत, हातउसन्या रकमेच्या चिठ्ठीत मामाचे नाव गाव आणि आडनावासह येते. मराठी नावाच्या रचनेमुळे मामाचे पूर्ण नाव मिळाले की त्यात त्याच्या बापाचे नाव आपोआप मिळते, आणि तोच पणजीचा बाप. भाचा शिकायला मामाकडे राहिला असेल तर मामाच्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याची नोंद असू शकते; तिच्यावरून निदान गाव तरी पक्के होते. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांची वाट याहून सरळ आहे, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईबापांबरोबर धर्मपिता आणि धर्ममातेचीही नावे असतात, आणि ते बऱ्याचदा आईच्या माहेरचे निघतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मामा म्हणजे सख्खाच कशावरून? आपल्याकडे आईचा चुलत भाऊही मामाच, आणि सख्खा भाऊ नसेल तर मान त्यालाच. मग मामाच्या नावातला बाप हा पणजीचा काका ठरेल. शिवाय आज्याचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने रामचंद्र विष्णू, विष्णू रामचंद्र, पुन्हा रामचंद्र विष्णू अशी साखळी चालते आणि एक अख्खी पिढी निसटली तरी कळत नाही. या दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणून एका कागदावर निर्णय करू नये. यादीतला मातामह आणि आहेरातल्या मामाचा बाप एकच निघाले, आणि ते दोन कागद वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले असले, तर पुरावा भक्कम आहे. एका कागदाची दुसऱ्यावरून नक्कल झाली असेल तर दोन्ही मिळून एकच साक्ष धरायची. नावांच्या साखळीसाठी वर्षे मांडून पाहावीत: बापलेकांच्या वयात पंधराहून कमी किंवा साठाहून अधिक वर्षांचे अंतर पडत असेल, तर बहुधा कुठेतरी जोड चुकलेला आहे. दत्तकाची शक्यता तर प्रत्येक पायरीवर तपासायला हवी, कारण दत्तक गेलेल्या मुलाच्या यादीत मातामह म्हणून दत्तक आईचा बाप येतो. ती यादी खोटी नसते, पण रक्ताची वेल तिच्यातून मिळत नाही.

तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचा उल्लेख इतक्या उशिरा येण्याला कारण आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे अनेक जातींच्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत, हे ऐकून माणसे थेट तिथे धावतात आणि सासरच्या आडनावाने वही मागतात. त्या आडनावाच्या पानांवर पणजी सापडली तरी सासरच्याच नावाने सापडते. वह्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात, तेव्हा माहेरचे पान काढायचे तर माहेरचे गाव आणि आडनाव आधी ठाऊक असायला हवे. ते घरच्या याद्यांतून आणि मामाच्या नावातून मिळवायचे, आणि मग मामाच्या घराण्याची वही मागायची. तिथे मामाने किंवा त्याच्या बापाने स्वतः केलेली नोंद मिळाली, तर भावंडांत बहिणीचे पाळण्यातले नावही कधी कधी दिसते. घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला असेल तर हीच उलट तपासणी त्यात करता येते: सासरच्या कुलवृत्तान्तात पत्नीच्या नावापुढे तिच्या वडिलांचे नाव दिलेले असते, माहेरच्या कुलवृत्तान्तात मुलगी कुणाकडे दिली ते दिलेले असते, आणि दोन्हींचा मेळ बसतो की नाही हे पाहायचे. मेळ बसला नाही तर वंशवेलीत दोन्ही नावे प्रश्नचिन्हासह लिहावीत आणि प्रत्येकापुढे कागदाचा ठावठिकाणा द्यावा, म्हणजे तिसरा कागद मिळेल तेव्हा तो कशाशी ताडून पाहायचा हे पुढच्या माणसाला कळेल.