तालमीचे दर्शन
बॅले नर्तिकेचे लाघव प्रेक्षकांस दिसते, त्यामागचा रोजचा घाम दिसत नाही. १ ऑक्टोबर २०१४ रोजी लंडनचे रॉयल बॅले, मॉस्कोचे बोल्शॉय आदी पाच संस्थांनी आपले वर्ग व तालमी इंटरनेटवरून थेट दाखविल्या. त्या दिवशी लंडनला सकाळचे अकरा म्हणजे सुरतेस दुपारचे साडेतीन; घरबसल्या पाहण्याजोगी वेळ! प्रमुख नर्तकही नवशिक्यांप्रमाणे दांडा धरून, गुडघे वाकविण्यापासूनच आरंभ करतात. तालमीत शिक्षक मध्येच थांबवितो, खांदा सरळ करावयास लावतो. पुन्हा तेच पाऊल. प्रयोगाहून हेच अधिक शिकविते. सुरतेतील कथक शिकणाऱ्या मुलीस, तिचे नृत्य निराळे असले तरी, ही घोटाई परकी वाटू नये. आणि कोपऱ्यातला पियानोवादक? आपल्या तबलजीप्रमाणे त्याचेही लक्ष पावलांवरच असते.