डांबर कुठे संपतं?

पावसाळ्यात कर्जत तालुक्यातल्या पोशीरसारख्या गावाजवळ डांबराची कड चिखलात कुठे मिसळते, हे चालकाला नजरेनेच कळतं. स्वतः गाडी चालवणाऱ्या यंत्राला ते शिकवावं लागतं. कॅमेऱ्यातल्या चित्राचा प्रत्येक पिक्सेल रस्त्याचा, गुराचा की रिक्षाचा, हे क्षणार्धात ठरवायचं असतं. ताशी 60 किलोमीटर वेगात अर्धा सेकंद उशीर झाला, की गाडी 8 मीटर पुढे गेलेली असते.

म्हणून हे ओळखणारं न्यूरल नेटवर्क आटोपशीर हवं. 2016च्या ‘ईनेट’ने चित्र सुरुवातीलाच लहान करून बहुतेक आकडेमोड त्यावरच उरकली. आधीचं ‘सेगनेट’ नेटवर्क जवळपास 3 कोटी शिकलेल्या आकड्यांवर चाले. ईनेटला 4 लाखही लागले नाहीत. पण चित्र लहान केलं की दूरचा सायकलस्वार पुसट होतो. 2018च्या ‘बायसेनेट’ने यावर सुरेख तोड काढली. एक उथळ वाट कडा आणि बारकावे जपते, दुसरी खोल वाट आक्रसलेल्या चित्रातून सगळ्या दृश्याचा अर्थ लावते. शेवटी दोन्हींचा मेळ घातला जातो.

नुसता वेग मात्र पुरत नाही; शिकवायची चित्रंही आपल्या रस्त्यांची हवीत. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा ‘सिटीस्केप्स’ हा चित्रसंच मुख्यतः जर्मन शहरांचा. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने इंटेलसोबत 10,000 भारतीय चित्रांचा संच केला. त्यात रिक्षा, जनावरं, इतकंच नव्हे तर डांबरालगतची गाडी उतरवता येईल अशी मातीची पट्टीही वेगळी नोंदवली आहे.

या संचातली चित्रं प्रामुख्याने हैदराबाद-बंगळूर भागातली आहेत. कर्जत-खालापूरच्या धुवाधार पावसातले रस्तेही अशा संचांत यायलाच हवेत.