जाम झालेलें इंजिन

लकडगंज म्हटलें कीं नागपूरकरांस लाकडाच्या वखारी, आरागिरण्यांची घरघर आणि ओल्या भुशाचा वास हीं एकदम आठवतात. या नांवांतील 'गंज' म्हणजे बाजारपेठ. लोखंडावर चढणारा गंज निराळा. आणि आम्हांस आज लिहावयाचें आहे तें या दुसऱ्या गंजाविषयीं.

एखाद्या वखारीच्या किंवा वाड्याच्या कडेस, ताडपत्रीखालीं वर्षानुवर्षें उभी असलेली जुनी मोटार ज्यानें पाहिली नाहीं असा विद्यार्थी विरळा. आपल्याकडे ती बहुधा फियाट असते. शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांत ही गाडी बनूं लागली. तीच पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर पोंचली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत उठली. आजोबांनीं घेतलेली अशी गाडी नातवास पुन्हां चालवावीशी वाटणें साहजिक आहे. परंतु किल्ली फिरवितांच 'टक्' असा एक आवाज होतो आणि पुढें कांहीं घडत नाहीं. मिस्त्री म्हणतो, "इंजिन जाम आहे."

जाम होणें म्हणजे काय, तें पाहूं. या इंजिनांत बिडाच्या ठोकळ्यांत चार सिलिंडर असतात; प्रत्येकाचा व्यास 68 मिलिमीटर. त्यांत ॲल्युमिनियमचा दट्ट्या, ज्यास मिस्त्री पिस्टन म्हणतात, तो वरखालीं होतो. दट्ट्या व भिंत यांमधील फट केसाच्या जाडीहूनही कमी. ती बंद राखण्याकरितां दट्ट्यावर लोखंडी रिंगा बसविलेल्या असतात. गाडी कोणत्याही स्थितींत उभी राहिली तरी एकदोन सिलिंडरांच्या झडपा उघड्या राहतातच. त्या वाटेनें पावसाळ्याची दमट हवा आंत शिरते, भिंतीवरील तेलाचा थर उन्हाळ्यांत केव्हांच ओघळून गेलेला असतो, आणि रिंगा जेथें टेकल्या तेथें गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापितो. त्यामुळें रिंग जणूं पाचर मारल्यासारखी बसते. म्हणूनच चारही सिलिंडर सहसा जाम होत नाहींत. एक किंवा दोनच होतात, पण तेवढ्यानें सगळें इंजिन अडतें.

येथें घाईनें घात होतो. दोर बांधून दुसऱ्या गाडीनें ओढावयाचें व गिअर टाकावयाचा, हा उपाय गल्लोगल्लीं सुचविला जातो. आमच्या मतें तो उपाय नव्हे. रिंगा तुटतात, भिंतीवर ओरखडे पडतात, कधीं कनेक्टिंग रॉड वांकतो. प्रथम बॅटरी सोडवावी, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी, चारही प्लग काढावे. प्रत्येक भोंकांतून दोनतीन चमचे रॉकेल व पातळ तेल यांचें मिश्रण सोडावें. कांहीं मिस्त्री ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरपेटींतील लाल तेल समभाग घेतात. तें अधिक झिरपतें, मात्र विस्तव जवळ नसावा. मग थांबावें. एक दिवस नव्हे, आठवडा, कधीं पंधरवडा. मधून मधून तेल पुन्हां घालावें. नंतर क्रँकच्या पुढील नटास लांब दांड्याचा पाना लावून हातानेंच पुढें-मागें हलकी ओढ द्यावी. सुतभर हललें कीं काम अर्धें झालें.

न हललें तर हेड उतरावें लागतें, आणि येथें लकडगंजचा खरा उपयोग होतो. दट्ट्यावर लोखंडी हातोडा मारल्यास ॲल्युमिनियम फुटतें. तेव्हां कोणत्याही सुताराकडून सिलिंडरच्या व्यासाहून किंचित् लहान असा सागाचा किंवा बाभळीचा गोल ठोकळा कातून घ्यावा, दट्ट्यावर ठेवावा आणि ठोकळ्यावर हलके ठोके द्यावे. दट्ट्या अगदीं वर टोंकास असेल तर ठोकणें व्यर्थ. रॉड सरळ उभा असतो व सगळा भार क्रँकवर जातो. 

सुटल्यावर भिंती मोजाव्या. डाग वरवरचे असल्यास घासून जातात. खोल खड्डे असल्यास भोंक किंचित् मोठें कातून जाड दट्टे घालावे लागतात. "एवढा खटाटोप कशाला, दुसरें इंजिन बसवा," असें पुष्कळ सांगतात, व खर्चाच्या हिशोबानें तें खोटें नाहीं. परंतु केंद्र सरकारनें 2021 सालीं केलेल्या नियमांप्रमाणें 50 वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावयाची तर ती मूळ स्वरूपांत हवी. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचें शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षें, आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें. तेव्हां ज्या घरीं 1974 पूर्वींची फियाट आहे तेथें तो जाम ठोकळा भंगारांत देण्यापूर्वीं दोनदां विचार व्हावा. अर्थात् अशी गाडी रोजच्या कामास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणें एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते.

राहिलें सुरू करणें. जुनें तेल सगळें काढून नवें भरावें. टाकींतील पेट्रोलचा वार्निशासारखा चिकट गाळ झालेला असतो; टाकी, नळी, कार्ब्युरेटर धुतल्यावांचून तें इंजिनांत जाऊं देऊं नये. ब्रेकचीं रबरें बदलून घ्यावीं, आणि तीं इंजिनाच्या आधीं. हौशी मंडळी हें नेमकें उलट करितात. प्लग न लावतांच स्टार्टरनें इंजिन फिरवून तेलाचा दाब आला कीं नाहीं तें पाहावें, मग प्लग लावावे. पहिल्यानें निळा धूर पुष्कळ निघतो. सिलिंडरांत ओतलेलें तेल जळत असतें तें. थोडा वेळ इंजिन चाललें कीं तो विरळ होत जातो. पुढें कांहीं दिवसांनींही तो तसाच राहिला, तर रिंगा पुन्हां उघडून पाहाव्या लागतात.